फुटबॉल आणि उकाडा : शरीर थंड राखण्याचे उपाय (गोवा)

उष्ण व दमट हवेत खेळताना फुटबॉलपटूच्या शरीराचे तापमान धोक्याच्या पातळीपर्यंत चढू नये म्हणून सामन्याआधी, मध्यंतरात आणि सामन्यानंतर योजले जाणारे उपाय. गोव्यातल्या शिवोलीत 1883 साली विल्यम रॉबर्ट लायन्स या धर्मगुरूंनी फुटबॉल आणला, असे मानले जाते. तेव्हापासून गोव्याने हा खेळ घामाच्या धारांतच खेळला आहे. इथल्या उकाड्याची जात मात्र घाटावरच्या उन्हाहून वेगळी, त्यामुळे तिकडचे सगळेच उपाय इकडे चालत नाहीत.

गोव्यात साधा तापमापक फसवतो. मे महिन्यातही किनारपट्टीवर पारा 33–34 अंशांच्या आसपास राहतो, आणि नागपूरकराला ही सुखाची हवा वाटेल. धोका मोजण्यासाठी खेळाच्या क्षेत्रात वेट बल्ब ग्लोब टेंपरेचर, म्हणजे डब्ल्यूबीजीटी, हा निर्देशांक वापरतात. त्यात ओल्या फडक्याच्या तापमापकाला 70 टक्के, उन्हातल्या काळ्या गोळ्याच्या तापमानाला 20 टक्के आणि साध्या हवेच्या तापमानाला अवघे 10 टक्के वजन असते. समजा, दुपारी मडगावात हे तीन आकडे अनुक्रमे 27, 43 आणि 32 आहेत. निर्देशांक येतो 30.7. नागपुरात ते 22, 52 आणि 41 असतील तर येतो 29.9. नऊ अंश कमी पारा असूनही मडगावचा खेळाडू अधिक संकटात!

कारण घाम. धावताना स्नायूंनी खर्चलेल्या ऊर्जेपैकी सुमारे तीन चतुर्थांश उष्णता होऊन बाहेर पडते, आणि ती घालवण्याचा शरीराचा मुख्य मार्ग म्हणजे घामाचे बाष्पीभवन. एक लिटर घाम त्वचेवर वाळला तर साधारण 580 किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. निथळून जर्सीतून गवतावर पडलेला घाम जवळजवळ काहीच नेत नाही, शरीरातले पाणी आणि मीठ मात्र नेतो. दमट हवेत घाम वाळतच नाही. म्हणून तुषार उडवणारे पंखे कोरड्या प्रदेशात कामाचे, गोव्यात बरेचसे देखाव्याचे. डोक्यावर बाटली ओतून घेतल्याने तरतरी येते, पण आतले तापमान फारसे हलत नाही. मेंथॉलचेही तसेच : गारवा नुसता जाणवतो, आणि त्या भरात खेळाडू झेपेल त्याहून जास्त धावण्याची भीती असते.

बर्फाला दमटपणाशी देणेघेणे नसते. एक किलो बर्फ वितळताना 80 किलोकॅलरी शोषून घेतो, हवा कशीही असो. अर्धा किलो बर्फाचा चुरा सरबतात घालून सामन्याआधीच्या अर्ध्या तासात घोटघोट घेतला, तर तो वितळून अंगाच्या तापमानाला येईपर्यंत जवळपास 58 किलोकॅलरी खेचतो. 70 किलोच्या शरीराचे तापमान एका अंशाने चढायला साधारण एवढीच उष्णता लागते. प्रत्यक्षात फरक याहून कमी पडतो, तरी तो मोजता येण्याजोगा असतो. मोठे संघ बर्फाची जाकिटे वापरतात. गावच्या संघाने मासळीवाल्याकडचा बर्फ थर्माकोलच्या पेटीत भरून त्यात टॉवेल भिजवून ठेवले, मध्यंतराच्या 15 मिनिटांत ते मानेवर व मांड्यांवर टाकले आणि हात कोपरापर्यंत गार पाण्यात बुडवले, तरी पुष्कळ साधते. पैशाच्या मानाने यापेक्षा चांगला उपाय नाही.

खेळाच्या नियमांत पाणी पिण्याची विश्रांती जास्तीत जास्त एक मिनिटाची, तर थंडाव्याची विश्रांती दीड ते तीन मिनिटांची असते. विश्वचषकातील पहिली अधिकृत थंडावा-विश्रांती 29 जून 2014 रोजी ब्राझीलमधील फोर्तालेझा येथे नेदरलँड्स–मेक्सिको सामन्यात झाली. पिछाडीवर असलेल्या डच प्रशिक्षकांनी दुसऱ्या विश्रांतीत डावपेच बदलले आणि सामना 2–1 असा जिंकला. फिफाने तेव्हा 32 अंश डब्ल्यूबीजीटी ही मर्यादा धरली होती. खेळाडूंची संघटना फिफप्रो मात्र 28 अंशांपासूनच विश्रांती मागत होती आणि 32 च्या वर सामना पुढे ढकला म्हणत होती. गोव्याच्या हवेला खेळाडूंचाच आकडा शोभतो. 2017 च्या 17 वर्षांखालील विश्वचषकाचे मडगावच्या फातोर्ड्यातील साखळी सामने ऑक्टोबरच्या उकाड्यात संध्याकाळी 5 आणि रात्री 8 ला ठेवले होते. दिवे नसलेल्या मैदानांना ती सोय नाही, तिथे चारच्या उन्हातच शिटी वाजते. म्हापशातल्या धुळेरसारख्या कृत्रिम हिरवळीच्या मैदानात भर म्हणजे पायाखालची जमीनही तापते.

पेयांच्या बाबतीत गोवेकर घरातूनच सज्ज आहे. मीठ घातलेली पेज आणि मीठ-साखरेचे कोकम सरबत यांतून पाणी व सोडियम दोन्ही मिळते. शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर पण सोडियम थोडे, आणि घामातून जाते ते मुख्यतः सोडियम. चिमूटभर मीठ त्यात घालावे. सामन्याआधी व नंतर वजन करून पाहावे. दोन टक्क्यांहून जास्त घट झाली असेल तर पिणे कमी पडले, वजन वाढले असेल तर पाणी अती झाले. रक्तातले सोडियम घसरणे हेही जिवावर बेतू शकते. थंड प्रदेशातून आलेल्या खेळाडूला या हवेत रुळायला साधारण 10 ते 14 दिवसांचा सराव लागतो.

एखादा खेळाडू धावता धावता भेलकांडला, असंबद्ध बोलू लागला, तर तो उष्माघात समजावा, अंग घामाने निथळत असले तरी. अशा वेळी शरीराचे तापमान बहुधा 40 अंशांच्या वर असते आणि पॅरासिटामॉलचा उपयोग नसतो. 108 ला फोन लावून लगेच त्याला बर्फाच्या पाण्यात गळ्यापर्यंत बसवावे, डोके पाण्याबाहेर धरून ठेवावे. टब नसेल तर ताडपत्रीची चारही टोके उचलून धरावीत आणि आत बर्फ व पाणी ओतावे. आधी गार करायचे, रुग्णवाहिकेत नंतर चढवायचे.