प्रश्न विचारल्यावरची तीन सेकंदं

दुसरीच्या वर्गात बाई म्हणतात, "एकोणपन्नास लिहा." पाट्या वर होतात. बहुतेकांवर ४९ असतं, एखाददुसरीवर ५९. ज्याने ५९ लिहिलं त्याचं लक्ष नव्हतं असं वाटतं, पण त्याने तर नीट ऐकलेलं असतं. 'एकोण' आलं की नऊ लिहायचा, हे त्याला कळलंय. 'पन्नास'मधला पाचही कळलाय. 'एकोण' म्हणजे एक कमी, एवढंच राहिलंय. 'बावन्न' ऐकून २५ लिहिणाऱ्याचंही तसंच. कानावर दोन आधी पडतात, लिहायचे मात्र पाच आधी. याच अडचणीमुळे २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'पन्नास दोन' असं संख्यावाचन आलं. त्यावरून वाद रंगला, पण मुलांची अडचण खरीच होती.

शाळा मुलाला हवीहवीशी वाटते की नाही, हे चित्रं-अक्षरं रंगवलेल्या 'बोलक्या भिंतीं'पेक्षा ही ५९ची पाटी वर करायला त्याचा हात धजतो का, यावर जास्त ठरतं. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ने मारण्याला आणि मानसिक छळाला बंदी केली आहे. तरी "एवढंही येत नाही?" हे वाक्य आणि त्यामागून येणारं वर्गाचं हसू उरतंच. त्याचा परिणाम थेट गणितावर होतो. ५२ मधून २७ वजा करताना मुलाला एका वेळी बऱ्याच गोष्टी डोक्यात धराव्या लागतात: दोनातून सात जात नाहीत, एक दशक सोडवलं, एककाच्या घरात बारा झाले, दशकाच्या घरात चार उरले. ही धरून ठेवण्याची जागा सगळ्यांचीच लहान असते, मुलांची त्याहून लहान. 'चुकलो तर हसतील' या काळजीने तिथे ठाण मांडलं की सोडवलेलं दशक निसटतं.

अमेरिकेतल्या संशोधक मेरी बड रो यांनी प्राथमिक वर्गांतली विज्ञानाच्या तासांची ध्वनिमुद्रणं तपासली. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबत होते, मग स्वतःच उत्तर देत किंवा दुसऱ्याला उठवत. १९७४मध्ये त्यांनी मांडलं की हा थांबा तीन सेकंदांवर नेला की उत्तरं लांबतात, गप्प बसणारे कमी होतात आणि 'मागे पडलेली' म्हणून बाजूला पडलेली मुलंही बोलू लागतात. मुलाने उत्तर दिल्यानंतरही तेवढंच थांबायचं असतं. हा दुसरा थांबा हमखास विसरला जातो, आणि "कारण..." म्हणून पुढे बोलू पाहणारं मूल तिथेच अडतं.

वर्गात हे करताना क्रम महत्त्वाचा. आधी प्रश्न, मग मनातल्या मनात सावकाश तीन आकडे, आणि शेवटी नाव. नाव आधी घेतलं की बाकीची मुलं सुटकेचा श्वास सोडतात आणि विचार थांबवतात. मधेच प्रश्न पुन्हा वेगळ्या शब्दांत विचारला तर तीन सेकंदं वाया गेली, कारण मुलं आता नवा प्रश्न ऐकत बसतात. "अजून कोण सांगेल?" हेही टाळायला हवं, पहिलं उत्तर चुकलं, असाच त्याचा अर्थ लागतो. त्याऐवजी "तू कसं केलंस ते सांग" हे बरोबर आणि चूक, दोन्ही उत्तरांना विचारावं. फक्त चुकलेल्यांनाच विचारलं तर दोन दिवसांत मुलं ते ओळखतात. सामूहिक "होऽऽऽ"ने तर काहीच कळत नाही, त्या आवाजात न समजलेलं मूल आरामात लपतं. पाढ्यांच्या उजळणीला मात्र एवढं थांबायची गरज नाही. तिथे उत्तर पाठ असतं, शोधायचं नसतं.

मेळघाटात घरी कोरकू किंवा गडचिरोलीत माडिया बोलणाऱ्या मुलाला तीन सेकंदंही अपुरी पडू शकतात. तिथे "शेजाऱ्याशी तुमच्या भाषेत बोला" म्हणून एक मिनिट द्यावं, मग मराठीत उत्तर मागावं. पहिलीत तर हे रोज हवं.

पाटी इथे सगळ्यात उपयोगाची. ५२ − २७ फळ्यावर लिहायचं, सगळ्यांनी पाटी उलटी धरून सोडवायचं आणि "दाखवा" म्हटल्यावर एकदम वर करायचं, म्हणजे कुणाचं बघून लिहिता येत नाही आणि एकटं कुणी उघडंही पडत नाही. ३५ लिहिलेल्या पाट्या शोधाव्यात. त्या मुलांनी सातातून दोन वजा केलेले असतात, 'मोठ्यातून लहान' हा नियम अगदी इमानाने पाळून. नाव न घेता ३५ फळ्यावर लिहावं आणि दहा-दहा काड्यांचे पाच गठ्ठे, दोन सुट्या काड्या मुलांपुढे ठेवाव्यात. "यातून सत्तावीस काढा" एवढंच सांगावं. सात सुट्या काड्या मोजून द्यायची वेळ आली की कुणीतरी गठ्ठ्याचं रबर काढतंच. ते मुलांच्या हातून निघू द्यावं.