कॅमशाफ्ट ‘बसतो’ म्हणजे ‘जुळतो’ असं नाही

एकाच घराण्यातल्या दोन इंजिनांत कॅमशाफ्टची (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या फिरत्या दांड्याची, थोडक्यात कॅमची) अदलाबदल होते का, असं विचारलं की ‘हो, सरळ बसतो’ असं उत्तर येतं आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. बसणं ही ब्लॉकपुरती बाब आहे: शाफ्टची लांबी, जर्नलचे (बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या गोल भागांचे) व्यास, पुढच्या टोकाची पिन आणि टायमिंग गियरचे बोल्ट. जुळणं मात्र त्या शाफ्टला टेकणाऱ्या आणि त्याच्याकडून वेळ घेणाऱ्या प्रत्येक भागाशी असतं: टॅपेट (कॅमवर टेकून वर-खाली होणारा तुकडा), पुशरॉड (टॅपेटची हालचाल वर नेणारी काडी), स्प्रिंग, पिस्टन, डिस्ट्रिब्युटर (प्लगना ठिणगी वाटणारा), सेन्सर, ईसीयू (इंजिनचा संगणक). बसतो की नाही ते मायक्रोमीटर लावून काही मिनिटांत कळतं. जुळतो की नाही ते न तपासता इंजिन जोडलं, तर पुन्हा सगळं उघडावं लागतं.

हा फरक सर्वांत स्वच्छ दिसतो तो फोर्डच्या 302 आणि 351 विंडसर या दोन व्ही-8 इंजिनांत. दोन्हींचे पाच कॅम जर्नल सारखेच. पुढचा सुमारे 2.081 इंचांचा आणि तिथून मागे प्रत्येक जर्नल 0.015 इंचाने लहान होत जाणारा. त्यामुळे 351 चा कॅम 302 मध्ये अलगद सरकतो, कुठे अडत नाही, हाताने फिरतोही. पण 302 ची मूळ फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, 1-5-4-2-6-3-7-8 आहे आणि 351 ची 1-3-7-2-6-5-4-8. कॅम बदलला की ऑर्डर बदलली. 302 चीच भावंडं असलेल्या 5.0 एचओ इंजिनांना 1982 पासून 351 ची ऑर्डर दिलेली आहे, म्हणजे ‘302 चा कॅम’ एवढ्या वर्णनावरून काहीच ठरत नाही.

क्रँकशाफ्ट तोच ठेवून ऑर्डर बदलते कशी? दोन्ही ओळी एकमेकींखाली लिहून पाहा. 5 आणि 3 ची जागा बदलली आहे, तशीच 4 आणि 7 ची. बाकी चार जागच्या जागी आहेत. या जोड्या सोबतीच्या आहेत: 3 आणि 5 चे पिस्टन एकाच वेळी वर येतात, 4 आणि 7 चेही. दोघांपैकी कोण कॉम्प्रेशनवर आहे आणि कोण एक्झॉस्ट संपवतोय, हे क्रँक ठरवत नाही, कॅम ठरवतो. म्हणून कॅम बदलून प्लग वायर जुन्याच क्रमाने ठेवल्या तर 1, 2, 6 आणि 8 व्यवस्थित पेटतात. उरलेल्या चारांत ठिणगी पूर्ण 360 अंश चुकीच्या वेळी पडते, इनटेक व्हॉल्व्ह उघडायला लागलेला असताना. कार्ब्युरेटरमधून फटके येतात, न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमध्ये जाऊन तिथेही आवाज काढतं. अनेक जण मग टायमिंग पुढेमागे करत बसतात. निम्मं इंजिन बरोबर चालत असतं ना, त्यामुळे संशय वायरवर जात नाही.

कॅमवर क्रमांक नसेल तर ओळखायची सोपी रीत आहे. 1 नंबरचा पिस्टन कॉम्प्रेशनच्या टीडीसीवर, म्हणजे सर्वांत वरच्या टोकावर, आणा आणि क्रँक चालू दिशेने 90 अंश पुढे फिरवा. आता 3 आणि 5 दोन्ही वर आहेत. ज्याचे दोन्ही टॅपेट खाली, लोबच्या (कॅमवरच्या उंचवट्याच्या) गोल भागावर आहेत, तो पुढचा पेटणारा. तो 5 असेल तर जुनी 302 ऑर्डर, 3 असेल तर 351 ची. वायर त्याप्रमाणे लावा. सिक्वेन्शियल इंजेक्शन (प्रत्येक सिलिंडरला त्याच्या वेळी पेट्रोल देणारं) असेल तर ईसीयूचा इंजेक्टर क्रमही त्याच ऑर्डरचा हवा. तो चुकला तर इंजिन चालतं, पण त्या चार सिलिंडरांना पेट्रोल चुकीच्या फेरीत मिळतं.

दुसरी फसवणारी जोडी फ्लॅट टॅपेट कॅम आणि रोलर कॅम यांची. फ्लॅट कॅमचा लोब सपाट दिसतो, पण असतो किंचित उतरता, आणि टॅपेटचा तळ किंचित फुगीर. त्यामुळे टॅपेट चालताना स्वतःभोवती फिरतो आणि झीज एका जागी होत नाही. रोलर कॅमच्या लोबला हा उतार नसतो. त्यावर फ्लॅट टॅपेट ठेवला तर तो फिरत नाही, एकाच जागी घासतो आणि लोब खाऊन टाकतो. जुन्या 302 ब्लॉकमध्ये कंपनीचा रोलर टॅपेट घालायला जाल तर टॅपेटची भोकं उंचीला कमी पडतात. तिथे दांडीने जोडलेले टॅपेट किंवा लहान बेस सर्कलचा (लोबचा गोल भाग लहान असलेला) कॅम लागतो. रोलर टॅपेट उंच असल्याने पुशरॉडही आखूड लागतात, आणि ती लांबी अंदाजाने नाही, कमी-जास्त होणारा तपासणीचा पुशरॉड वापरून ठरवायची. आणखी एक गोष्ट हमखास राहते: रोलर कॅम पोलादी असेल तर डिस्ट्रिब्युटरचा बिडाचा गियर त्यावर लवकर झिजतो. गियरही पोलादी घ्या.

फ्लॅट टॅपेटचा नियम कडक आहे. नव्या कॅमला नवे टॅपेट. जुने परत घालायचे तर त्याच कॅमवर, प्रत्येक टॅपेट त्याच्याच लोबवर, म्हणून काढतानाच क्रमांक घाला. दुसऱ्या इंजिनातून कॅम आणताना टॅपेट गोणीत एकत्र आले असतील तर ते टाकून द्यावेत, माझं मत स्पष्ट आहे. रोलर टॅपेट चांगल्या स्थितीत असतील तर दुसऱ्या कॅमवर चालतात.

आता लिफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह किती उघडतो ते. कॅमच्या कागदावरचा आकडा रॉकरच्या (पुशरॉडची हालचाल वाढवून व्हॉल्व्हला देणाऱ्या तरफेच्या) गुणोत्तरासह असतो, आणि घराण्यातल्या दोन इंजिनांचं गुणोत्तर सारखं असेलच असं नाही. लोबची उंची 0.278 इंच आणि रॉकर 1.6 असेल तर व्हॉल्व्ह 0.445 इंच उघडतो. रॉकर 1.7 चा केला तर 0.473 इंच. वाढ जेमतेम पाऊण मिलिमीटर, पण स्प्रिंग पूर्ण दबायला आणि रिटेनर (स्प्रिंगला वरून धरणारी चकती) व्हॉल्व्हच्या सीलवर आदळायला तेवढं पुरतं. पूर्ण उघडल्यावर स्प्रिंगमध्ये आणि रिटेनरखाली दोन्हीकडे सुमारे 1.5 मिमी शिल्लक हवं.

पिस्टन आणि व्हॉल्व्हमधलं अंतर इनटेकला किमान 2 मिमी आणि एक्झॉस्टला 2.5 मिमी धरतात. ते सर्वांत कमी असतं पूर्ण लिफ्टला नाही, तर ओव्हरलॅपमध्ये, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह थोडे उघडे असताना, टीडीसीच्या दहाएक अंश अलीकडे एक्झॉस्टचं आणि तेवढंच पलीकडे इनटेकचं. पिस्टनवर मातीची पट्टी चिकटवून हेड बसवा, क्रँक दोन पूर्ण फेरे फिरवा, हेड काढून पट्टी कापून मोजा. हायड्रॉलिक टॅपेट यावेळी दबतो आणि खोटा दिलासा देतो, म्हणून मोजणीपुरता सॉलिड टॅपेट घाला.

डिग्री न करता, म्हणजे कॅमची जागा अंशांत न मोजता, टायमिंग गियरच्या ठिपक्याला ठिपका जुळवून सोडून देऊ नका, कारण चेन, गियर आणि पिन यांची चूक एकत्र होऊन कॅम काही अंश सरकलेला असू शकतो. पिस्टन स्टॉप (पिस्टनला वर अडवणारा खिळा) लावून खरा टीडीसी काढा. डायल गेज इनटेक टॅपेटवर ठेवून कमाल उंचीच्या 1.27 मिमी अलीकडचा आणि पलीकडचा अंश नोंदवा, क्रँक नेहमी चालू दिशेनेच फिरवत. टीडीसीनंतर 74 आणि 146 अंश आले तर मध्य 110. कागदाशी ताडून पाहा. कॅम पुढे केला तर इनटेकचं अंतर घटतं, मागे केला तर एक्झॉस्टचं.

हेडवर कॅम असलेल्या इंजिनांत पुशरॉडची कटकट नाही, पण कॅमला वरून धरणाऱ्या कॅप त्याच हेडबरोबर एका रेषेत कातलेल्या असतात, म्हणून कॅमबरोबर कॅप आणायच्या नाहीत. कॅम सेन्सरच्या दातांची संख्या आणि जागा जुन्याशी जुळवा. शिम (अंतर भरणाऱ्या पातळ चकत्या) असतील तर सगळे क्लिअरन्स नव्याने मोजा: जुना 2.60 मिमीचा शिम, मोजलेलं अंतर 0.32, हवं ते 0.20, तर नवा शिम 2.72.

शेवटी प्लग काढून इंजिन पान्याने हातानेच दोन फेरे फिरवा. स्प्रिंगचा जोर जाणवेल, तो कमी-जास्त होत राहतो. एका ठरावीक अंशाला टणक अडलं तर जोर लावू नका, स्टार्टर तर मुळीच मारू नका. तिथेच थांबून कोणता व्हॉल्व्ह उघडलेला आहे ते पाहा.