खुनाच्या तपासात संशयिताला असलेले घटनात्मक संरक्षण (भारत)

भारतात खुनाच्या गुन्ह्यात ज्या व्यक्तीवर संशय आहे किंवा जिला अटक झाली आहे, तिची चौकशी करताना आणि तिच्या घराची, अंगाची वा वस्तूंची झडती घेताना पोलिसांवर जी बंधने असतात, ती मुख्यतः संविधानाच्या २०(३), २१ (जीवित व व्यक्तिस्वातंत्र्य) आणि २२ या अनुच्छेदांतून येतात. त्यांची रोजची अंमलबजावणी १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम या कायद्यांनुसार होते. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीनंतर अनुच्छेद २० आणि २१ यांची अंमलबजावणी आणीबाणीतही स्थगित करता येत नाही. खून शाबीत झाल्यास जन्मठेप किंवा फाशी याहून कमी शिक्षा देता येत नसल्यामुळे, पोलीस ठाण्यातील पहिल्या काही तासांत हे अधिकार पाळले गेले की नाही, यावर माणसाचे उभे आयुष्य अवलंबून असू शकते.

अनुच्छेद २२ प्रमाणे अटकेची कारणे लवकरात लवकर सांगणे, पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेऊ देणे आणि प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांसमोर हजर करणे बंधनकारक आहे. डी. के. बसू विरुद्ध पश्चिम बंगाल राज्य (१९९६) या निकालाने अटक पंचनाम्यावर साक्षीदाराची सही, नातेवाइकाला खबर, कोठडीत दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी आणि चौकशीदरम्यान वकिलाची भेट या गोष्टी सक्तीच्या केल्या. वकील संपूर्ण चौकशीभर शेजारी बसू शकत नाही. ही मर्यादा संहितेच्या कलम ३८ मध्येही कायम आहे. अटकेची कारणे न सांगितल्यास अटकच बेकायदा ठरते, हे सर्वोच्च न्यायालयाने विहान कुमार विरुद्ध हरियाणा राज्य (२०२५) या निकालात स्पष्ट केले. मुंबईवरील २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्याच्या खटल्यात (अजमल कसाब विरुद्ध महाराष्ट्र राज्य, २०१२) न्यायालयाने अमेरिकेतील मिरांडा निकालाचे नियम (चौकशीआधी पोलिसांनीच संशयिताला गप्प राहण्याचा व वकिलाचा हक्क सांगणे) भारतात जसेच्या तसे लागू करण्यास नकार दिला. मात्र आरोपीला प्रथम हजर केले जाते त्याच वेळी, वकील मिळण्याचा आणि ऐपत नसल्यास सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा त्याला हक्क आहे, हे समजावून सांगण्याचे कर्तव्य त्याच निकालाने दंडाधिकाऱ्यांवर टाकले.

अनुच्छेद २०(३) नुसार कोणत्याही आरोपीला स्वतःविरुद्ध साक्षीदार होण्याची सक्ती करता येत नाही. हे संरक्षण केवळ न्यायालयातील पिंजऱ्यापुरते नसून पोलीस चौकशीच्या वेळीही लागू असते, असे नंदिनी सत्पथी विरुद्ध पी. एल. दानी (१९७८) या निकालात म्हटले आहे. याच्या जोडीला, पोलिसांना दिलेला कबुलीजबाब पुराव्यात न घेण्याचा जुना नियम आहे. तो १८६१ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतून १८७२ च्या पुरावा कायद्यात (कलमे २५ ते २७) आला आणि आता साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ मध्ये आहे. तो किती कडक आहे, हे अघनू नागेसिया विरुद्ध बिहार राज्य या प्रकरणात दिसते. आरोपीने स्वतः ठाण्यात येऊन चार नातलगांच्या हत्येची फिर्याद दिली होती, तरीही ती फिर्याद म्हणजे पोलिसांपुढील कबुली असल्याने, वस्तू व प्रेते सापडण्याशी संबंधित भाग सोडून बाकीची सगळी वगळण्यात आली आणि उरलेला पुरावा अपुरा पडल्याने तो सुटला. कबुली नोंदवायचीच असेल तर ती नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८३ खाली दंडाधिकाऱ्यांसमोर नोंदवावी लागते. तेथे आणलेल्या माणसाने कबुली द्यायला नकार दिला, तर दंडाधिकारी त्याला पुन्हा पोलीस कोठडीत पाठवू शकत नाहीत. नव्या कायद्यातही ही तरतूद टिकली, हे महत्त्वाचे आहे, कारण परत त्याच कोठडीत जावे लागणार हे ठाऊक असलेला माणूस मोकळेपणाने नकार देऊ शकत नाही.

पोलिसांपुढील कबुली वगळण्याच्या नियमाला असलेला अपवाद खून खटल्यांत अक्षरशः रोज वापरला जातो. कोठडीतील आरोपीने दिलेल्या माहितीमुळे एखादी गोष्ट उघड झाली, तर त्या माहितीचा नेमका तेवढाच भाग पुराव्यात येतो (पूर्वीचे कलम २७, आता कलम २३ चे परंतुक, म्हणजे त्याला जोडलेली अपवादाची तरतूद). पुलुकुरी कोटय्या प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलने (ब्रिटिश काळातील सर्वोच्च अपील न्यायालय) १९४६ साली आखून दिलेली सीमा आजही पाळली जाते: ‘माझ्या घराच्या छपरात लपवलेला सुरा मी काढून देतो’ हे वाक्य ग्राह्य, पण त्याला जोडलेले ‘ज्याने मी अमक्याला भोसकले’ हे शब्द अग्राह्य. हा अपवाद घटनाबाह्य नाही, असे उत्तर प्रदेश राज्य विरुद्ध देवमन उपाध्याय (१९६०) या खून खटल्यातच ठरले. त्या निकालात न्यायमूर्ती सुब्बा राव यांचे मत विरोधी होते.

महाराष्ट्रात अशा माहितीची नोंद निवेदन पंचनाम्यात होते. ठाण्यात दोन पंच बोलावले जातात, आरोपी त्यांच्यासमोर जे बोलेल ते त्याच्याच शब्दांत लिहिले जाते, सह्या होतात. मग आरोपी, पंच आणि तपासी अंमलदार निघतात, आरोपी जागा दाखवतो, तेथून काढून दिलेला कोयता किंवा रक्ताचे डाग असलेला शर्ट पंचांसमक्ष सीलबंद होतो आणि जप्ती पंचनामा लिहिला जातो. आरोपीचे संरक्षण सर्वांत जास्त गळते ते इथेच. हत्यार पोलिसांना आधीच माहीत असते, पंच ठाण्याच्या ओळखीतले असतात, कबुलीचे शब्द निवेदनात बेमालूम मिसळलेले असतात आणि पुढे खटल्यात पंच फितूर होतात. रामानंद विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य (२०२२) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने निवेदन स्वतंत्र पंचांसमोर आरोपीच्या नेमक्या शब्दांत नोंदवले गेले नसल्याकडे बोट दाखवले आणि फाशीची शिक्षा झालेल्या आरोपीची निर्दोष मुक्तता केली. पंचनाम्याची ही शिस्त निव्वळ कागदी सोपस्कार नव्हे, हे त्यातून पुरेसे स्पष्ट होते.

झडतीबाबत घटनेचे संरक्षण बरेच दुबळे आहे. एम. पी. शर्मा विरुद्ध सतीशचंद्र (१९५४) या निकालात आठ न्यायमूर्तींनी झडती व जप्ती म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती नव्हे, असे ठरवले. २०१७ च्या पुट्टस्वामी निकालाने खासगीपणाचा अधिकार मूलभूत ठरवल्यामुळे झडतीला आता अनुच्छेद २१ ची कसोटीही लागते. तरीही बेकायदा झडतीत मिळालेला पुरावा केवळ त्या कारणाने बाद होत नाही (पूरणमल, १९७४). त्यामुळे वॉरंटशिवाय घेतलेल्या झडतीची कारणे आधी लिहून ठेवणे, परिसरातील दोन प्रतिष्ठित पंच हजर ठेवणे, घरमालकाला उपस्थित राहू देणे आणि मुद्देमालाच्या यादीची प्रत देणे हे नियम मोडल्याचा परिणाम पुराव्याच्या विश्वासार्हतेवर होतो, ग्राह्यतेवर क्वचितच. ही उणीव गंभीर आहे.

बोटांचे ठसे, हस्ताक्षराचे नमुने आणि शरीर दाखवणे ही साक्ष नव्हे, असे मुंबई राज्य विरुद्ध काथी कालू ओघड (१९६१) या प्रकरणात अकरा न्यायमूर्तींनी ठरवले. साक्ष म्हणजे स्वतःच्या माहितीतले काही सांगणे. केवळ कोठडीत असताना बोलला म्हणून आरोपी सक्तीने बोलला असे गृहीत धरता येणार नाही, असेही त्यांनी म्हटले. आवाजाच्या नमुन्याला २०१९ मध्ये हाच न्याय लागला. उलट सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य (२०१०) या निकालाने नार्को (औषध देऊन बोलते करणे), पॉलिग्राफ (खोटे पकडण्याचे यंत्र) आणि ब्रेन मॅपिंग (मेंदूच्या प्रतिसादांची नोंद) या चाचण्या संमतीशिवाय करण्यास मनाई केली, कारण त्या थेट मनातील माहिती काढून घेतात. मोबाईलचा पासवर्ड सांगायला लावणे यांपैकी कोणत्या बाजूला मोडते, यावर न्यायालयांची मते वेगवेगळी आहेत.

नव्या संहितेच्या कलम १०५ ने झडती आणि जप्तीचे दृकश्राव्य चित्रण अनिवार्य केले. चौकशीच्या चित्रणाची अशी सक्ती मात्र नाही. परमवीरसिंग सैनी (२०२०) या निकालानुसार पोलीस ठाण्यांत सीसीटीव्ही कॅमेरे आवश्यक असून चित्रण १८ महिने जपायचे आहे. खुनाच्या खटल्यात पंचांची साक्ष अनेकदा त्यानंतर होते. म्हणून निवेदन पंचनाम्याच्या दिवशीचे ठाण्यातील चित्रण जपून ठेवण्याचा अर्ज बचाव पक्षाच्या वकिलाने रिमांडच्या वेळीच द्यावा लागतो.