नळाची गळती (वॉशबेसिनचा नळ)

बंद केलेल्या नळातून थेंब पडत राहणे, किंवा नळ चालू असताना मुठीच्या मुळाशी, नळाच्या बुडाशी अथवा बेसिनखालच्या जोडाशी पाणी पाझरणे, याला नळाची गळती म्हणतात. नळ म्हणजे मुळात एक झडप. दाबाने येणारे पाणी एका लहान भोकातून वर येते आणि त्या भोकावर रबराचा किंवा अतिशय सपाट घासलेला भाग दाबून ते अडवले जाते. त्यामुळे नळ गळतो तेव्हा पितळ क्वचितच झिजलेले असते. दोन भाग जिथे एकमेकांना टेकतात, तिथली पकड सुटलेली असते आणि बदलायचा भाग बहुधा नखाएवढा असतो. सगळा नळ काढून टाकण्याआधी हे लक्षात घेतले, तर बरीचशी कामे घरच्या घरी होतात.

सेकंदाला एक थेंब पडत असेल, तर दिवसाला ८६,४०० थेंब होतात. एक थेंब पाव मिलिलिटरचा धरला, तर दिवसाकाठी साडेएकवीस लिटरांहून अधिक आणि वर्षाला जवळपास ७,९०० लिटर पाणी वाया जाते. आपल्या नळाचा हिशेब नेमका हवा असेल, तर त्याखाली मापाचे भांडे तासभर ठेवावे आणि जमलेले पाणी २४ ने गुणावे.

पाणी कुठून आणि केव्हा येते, यावरून बिघडलेला भाग जवळजवळ निश्चित ओळखता येतो. नळ बंद असताना तोंडातून थेंब पडत असतील, तर दोष वॉशर, सीट (वॉशर जिच्यावर टेकते ती पितळी कड) किंवा सिरॅमिक डिस्कमध्ये (पाणी अडवणाऱ्या सपाट चकत्यांमध्ये) असतो. नळ चालू केल्यावरच मुठीखालून पाणी येत असेल, तर स्पिंडलभोवतीचे (मुठीबरोबर फिरणाऱ्या दांड्याभोवतीचे) सील गेलेले असते. फिरणाऱ्या तोंडाच्या बुडाशी ओल दिसली, तर तिथली ओ-रिंग (गोल रबरी कडी) झिजलेली असते. बेसिनखाली पाणी साचत असेल, तर आधी ते नळाचेच आहे का, हे पाहावे. कोरडा टिश्यू कागद वरून खाली एकेका जोडाला टेकवत गेले, की पहिला ओला जोड सापडतो. नळ बंद असताना सगळे कोरडे आणि बेसिन रिकामे होतानाच ओल येत असेल, तर गळती नळाची नसून वेस्ट कपलिंगची (बेसिनच्या भोकातल्या जोडाची) किंवा बॉटल ट्रॅपची (त्याखालच्या बाटलीसारख्या सांडपाण्याच्या भागाची) असते. दमट हवेत थंड पाइपाला घामही येतो. त्याला गळती समजून नट आवळत बसू नये.

दोन गोष्टींनी फसगत होते. नळाचे तोंड लांब किंवा उंच असेल, तर बंद केल्यावर आत राहिलेले पाणी काही वेळ थेंबाथेंबाने निथळते. ते आपोआप थांबते आणि त्यात दुरुस्त करण्यासारखे काही नसते. दुसरे म्हणजे, काही नळ फक्त रात्री किंवा हीटर तापल्यावरच ठिबकतात. रात्री वापर कमी झाल्याने नळवाहिनीतला दाब वाढतो, आणि बंदिस्त टाकीतले पाणी तापले की ते प्रसरण पावते. थकलेले वॉशर वाढलेल्या दाबापुढेच हार मानते. असे ठिबकणे मोठ्या गळतीची आगाऊ सूचना समजावी. मिक्सर (गरम व थंड पाणी एकत्र देणारा नळ) ठिबकत असेल, तर बेसिनखालचे दोन अँगल कॉक (भिंतीतून येणारे पाणी बंद करणारे छोटे कॉक) एकेक करून बंद करावेत. ज्याच्या बंद होण्याने थेंब थांबतो, ती बाजू दोषी.

काम सुरू करण्याआधी पाणी बंद करावे लागते. अँगल कॉक बऱ्याच दिवसांत फिरवलेला नसेल, तर तो जाम झालेला असतो आणि जोर लावल्यास त्याच्याच स्पिंडलमधून पाणी येऊ लागते. अशा वेळी आधी मुख्य कॉक बंद करणे बरे. नंतर नळ उघडून आतले पाणी निथळू द्यावे आणि बेसिनचे भोक बुच किंवा फडक्याने बंद करावे; स्क्रू हातातून निसटला, की तो नेमका तिथेच जातो. काढलेले भाग टॉवेलवर त्याच क्रमाने मांडावेत आणि प्रत्येक टप्प्याचा फोटो काढून ठेवावा.

वॉशरचा नळ

मूठ अनेक वेळा फिरवल्यावर बंद होणारा नळ वॉशरचा असतो. आट्यांवर खाली जाऊन भोक बंद करणाऱ्या अशा नळाचे पेटंट इंग्लंडमधल्या रॉदरहॅम येथील गेस्ट अँड क्राइम्स या पितळी ओतकाम करणाऱ्या कारखान्याने १८४५ मध्ये घेतले. आजही त्याची रचना तत्त्वतः तीच आहे. स्पिंडलच्या टोकाशी रबराचे वॉशर असते आणि ते सीट नावाच्या पितळी कडेवर दाबले जाते. रोजच्या दाबाने वॉशरवर वर्तुळाकार खाच पडते, गरम पाण्याच्या बाजूचे वॉशर लवकर कडक होते, आणि मग नळ बंद करायला आधीपेक्षा जास्त जोर लागू लागतो. इथेच घरोघरी चूक होते. जोर लावून बंद केला की थेंब थांबतो, म्हणून रोज थोडा अधिक जोर लावला जातो. खाच आणखी खोल जाते आणि शेवटी सीटही खराब होते. वॉशर बदलायची वेळ हातालाच कळते, थेंब नंतर दिसतो.

मुठीवरची टोपी अलगद उचकटून आतला स्क्रू काढला, की मूठ निघते. त्याखालचा मोठा नट पान्याने सोडवण्याआधी नळ अर्धा उघडावा. स्पिंडल खाली दाबलेले असताना नट फिरवला, तर वॉशर सीटवर रगडले जाते. परत बसवतानाही स्पिंडल वर घेऊनच बसवावे. पान्याच्या जबड्यात फडके धरले, तर क्रोमवर ओरखडे येत नाहीत. नवे वॉशर जुन्याच मापाचे घ्यावे आणि त्यासाठी जुने सोबत नेणे सर्वांत खात्रीचे. नवे लगेच मिळत नसेल, तर सपाट वॉशर उलटे करून लावल्यास काही दिवस काम भागते.

वॉशर बदलूनही थेंब थांबत नसेल, तर बोट आत घालून सीटची कड चाचपावी. तिला खड्डे किंवा खरखरीतपणा असेल, तर कितीही नवी वॉशरे घातली तरी ती कापली जातील. सीट घासण्याचे हाताने फिरवायचे हत्यार मिळते. दोन-चार हलके फेरे पुरतात. काही नळांत सीट काढून बदलता येते.

सिरॅमिक कार्ट्रिजचा नळ

पाव फेरीत बंद होणारे नळ आणि एका दांड्याचे मिक्सर यांत बहुधा सिरॅमिक डिस्क असतात. अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडच्या या दोन चकत्या इतक्या सपाट घासलेल्या असतात, की एकमेकींवर सरकताना मध्ये पाण्याला वाट राहत नाही. त्या सहसा झिजत नाहीत. त्यांचा शत्रू म्हणजे वाळूचा कण. तो मध्ये अडकला की चरा पडतो, आणि चरा भरून येत नाही. म्हणून नव्या जोडणीत किंवा पाइपाचे काम झाल्यावर नळ बसवण्याआधी पाणी काही वेळ बादलीत सोडून पाइप धुऊन काढावा.

कार्ट्रिज, म्हणजे या चकत्या बसवलेला सुटा भाग, बाहेर काढल्यावर आधी त्याच्या बुडाची रबरी सीले पाहावीत. पुष्कळदा दोष तिथेच असतो. पांढरे क्षार साचले असतील, तर पाण्यात मिसळलेल्या व्हिनेगरमध्ये थोडा वेळ बुडवून मऊ ब्रशने घासावे. व्हिनेगर आणि ब्लीच कधीही एकत्र करू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. चकतीला चरा असेल, तर अख्खे कार्ट्रिज बदलावे. इथे मापाचा नेमकेपणा वॉशरपेक्षा जास्त लागतो. मिक्सरची कार्ट्रिजे बहुधा ३५ किंवा ४० मिलिमीटर व्यासाची असतात, आणि पाव फेरीच्या नळांत मुठीकडचे दात किती आहेत व फिरण्याची दिशा डावी की उजवी, हेही जुळावे लागते. पाणी परत सुरू करताना दांडा उघडा ठेवून अँगल कॉक हळूहळू सोडावा. अडकलेली हवा एकदम धडकली, तर नवी चकती तडकू शकते.

स्पिंडल, बूड आणि खालचे जोड

मुठीखालून पाणी येत असेल, तर आधी ग्लँड नट (स्पिंडलभोवतीचे सील दाबून धरणारा नट) फेरीचा आठवा भाग आवळून पाहावा. जास्त आवळला, तर मूठ जड होते. तेवढ्याने भागले नाही, तर जुने भरण काढून टेफ्लॉन टेप पिळून केलेली दोरी स्पिंडलभोवती गुंडाळतात. नव्या नळांत या जागी ओ-रिंग असते. तिचे अमेरिकी पेटंट नील्स क्रिस्टेन्सेन यांना १९३९ मध्ये मिळाले. ओ-रिंगला सिलिकॉनचे ग्रीस लावावे. पेट्रोलियम जेली लावू नये, कारण नळांत सर्रास असणारे ईपीडीएम रबर तिने फुगते.

कनेक्शन पाइपाच्या टोकाला सपाट रबरी वॉशर असते आणि पाणी तेच अडवते, आटे नव्हे. तिथे टेफ्लॉन टेप गुंडाळून उपयोग नाही; वॉशर बदलून नट हाताने घट्ट करावा आणि पान्याने पाव फेरी द्यावी. जिथे आटेच सील करतात, म्हणजे अँगल कॉक भिंतीत शिरतो तिथे, टेप लागतो आणि तो आटे फिरतील त्याच दिशेने गुंडाळावा लागतो.

नळाच्या अंगाला चीर गेली असेल, आटे गेले असतील, किंवा पितळातले जस्त निघून जाऊन ते तांबूस व भुसभुशीत झाले असेल, तर सुटे भाग बदलून काही साधत नाही आणि नळ बदलावा लागतो. भिंतीच्या आतून ओल येत असेल, तर मुख्य कॉक बंद ठेवून प्लंबरला बोलवावे.