ओवाळून टाकलेल्या शिपायांचे युद्धपट : पार्श्वभूमी

कोर्ट मार्शल झालेले, तुरुंगात खितपत पडलेले किंवा वरिष्ठांना नकोसे झालेले दहाबारा शिपाई गोळा करायचे, त्यांना शत्रूच्या मुलखात अशक्यप्राय कामगिरीवर धाडायचे आणि जिवंत परततील त्यांना माफी द्यायची, या कथानकावर गेल्या साठ वर्षांत इतके चित्रपट निघाले की त्यांचा एक स्वतंत्र प्रकारच मानावा लागतो. सोलापुरात लघुपट करू पाहणाऱ्या एखाद्या तरुणालाही युद्धपटांपैकी हाच प्रकार आवाक्यातला वाटेल, कारण त्याच्या जडणघडणीत लेखकांच्या कल्पनेइतकाच तुटपुंज्या भांडवलाचाही हात आहे.

माझ्या मते याचा खरा पाया सॅम्युअल फुलर यांच्या ‘द स्टील हेल्मेट’ने १९५१ साली घातला. कोरियातील युद्ध चालू असतानाच आलेला हा चित्रपट १० दिवसांत आणि सुमारे १ लाख ४ हजार डॉलरमध्ये पुरा झाला. कोरियाच्या जागी लॉस एंजेलिसचे ग्रिफिथ पार्क होते, सैन्य म्हणून विद्यापीठातले २५ विद्यार्थी होते आणि रणगाडा प्लायवूडचा होता. फौज दाखवणे परवडत नव्हते म्हणून फुलर यांनी माणसे दाखवली: तिरसट सार्जंट, कृष्णवर्णीय वैद्यकीय शिपाई, जपानी वंशाचा अमेरिकन सैनिक, पूर्वी शस्त्र हाती घ्यायला नकार दिलेला एक जण. स्वतः दुसऱ्या महायुद्धात पायदळात लढलेल्या फुलर यांनी आपला नायक निःशस्त्र युद्धकैद्यावर गोळी झाडतो असे दाखवले आणि त्यावर अमेरिकी लष्कराने आक्षेप घेतला. लष्कराचे रणगाडे आणि माणसे वापरणाऱ्या निर्मात्याला पटकथेलाही लष्कराची संमती मिळवावी लागते. ज्याचा रणगाडाच प्लायवूडचा आहे, त्याला ती लागत नाही. या प्रकारातील चित्रपट सैन्यातील अन्याय, वर्णभेद आणि अधिकाऱ्यांचा नाकर्तेपणा मोकळेपणाने दाखवू शकले, त्यामागे हे साधे व्यावहारिक कारण आहे.

शिक्षा झालेल्यांना आघाडीवर पाठवण्याची कल्पना मात्र लेखकांची नव्हे. स्टालिन यांच्या २८ जुलै १९४२ च्या आदेश क्रमांक २२७ नुसार सोव्हिएत सैन्यात दंडित शिपायांच्या तुकड्या उभ्या राहिल्या होत्या. अमेरिकेच्या १०१ व्या हवाई डिव्हिजनमध्येही बेशिस्तीसाठी गाजलेले एक सुरुंग पथक होते. त्यातले शिपाई गुन्हेगार नव्हते, पण त्यांच्याभोवती दंतकथा वाढल्या. ई. एम. नेथन्सन यांची १९६५ मधील कादंबरी आणि तिच्यावरून रॉबर्ट ऑल्ड्रिच यांनी १९६७ साली केलेला ‘द डर्टी डझन’ यांच्यामागे अशाच ऐकीव गोष्टी आहेत. तो चित्रपट मोठ्या स्टुडिओचा होता, पण कैद्यांच्या पथकाची हीच कल्पना रॉजर कॉर्मन यांनी १९६४ साली ‘द सीक्रेट इन्व्हेजन’मध्ये बऱ्याच कमी पैशांत पडद्यावर आणली होती. त्याचे चित्रीकरण युगोस्लाव्हियातील डुब्रॉव्हनिक येथे झाले.

युगोस्लाव्हियाची निवड पुढे इतरांनीही केली. तिथल्या सैन्याकडे दुसऱ्या महायुद्धातले अमेरिकी बनावटीचे शर्मन रणगाडे अजून चालू स्थितीत होते. १९७० चा ‘केलीज हिरोज’ तिथे चित्रित होण्यामागे तेच कारण होते. इटालियन निर्मात्यांनी हा साचा आणखी स्वस्त केला. एन्झो कास्तेलारी यांचा १९७८ मधील असाच एक चित्रपट इंग्रजीत ‘द इनग्लोरियस बास्टर्ड्स’ या नावाने गेला, ते नाव अक्षरे बदलून क्वेंटिन टॅरंटिनो यांनी २००९ साली वापरले. ‘अपोकॅलिप्स नाऊ’च्या चित्रीकरणानंतर फिलिपिन्समधील जंगले आणि तिथले अनुभवी कामगारही अशा निर्मात्यांच्या उपयोगी पडले.

आपल्याकडे वाट वेगळी राहिली. परदेशी युद्धभूमीशी सोलापूरचे नाव जोडले गेले ते डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्यामुळे. १९१० साली सोलापुरात जन्मलेला हा डॉक्टर १९३८ मध्ये वैद्यकीय पथकातून चीनला गेला आणि १९४२ मध्ये तिथेच वारला. व्ही. शांताराम यांनी १९४६ साली ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ काढताना चीनची आघाडी आपल्याच देशात उभी केली. पुढे चेतन आनंद यांचा ‘हकीकत’ १९६४ साली आला, तो सैन्याच्या साहाय्याने आणि लडाखमधील चित्रीकरणासह. १९६२ च्या पराभवाची जखम ताजी असताना शिपायाला गुन्हेगार किंवा बंडखोर म्हणून दाखवणे कोणाला सुचणे कठीण होते, आणि पुढील दशकांतही हिंदी युद्धपटातील जवान बहुतांशी आदर्शच राहिला. मला यात निष्ठा दिसते, तशी एक उणीवही दिसते, कारण शिपायाचा राग, भीती आणि वरिष्ठांशी होणारे खटके यांना त्या पडद्यावर फारशी जागा मिळाली नाही.

ही जागा भरायला परका मुलूख उसना घेण्याची गरज नाही. ज्या इटलीतून हे स्वस्त युद्धपट निघाले, त्याच इटलीत मराठा लाइट इन्फन्ट्री प्रत्यक्ष लढली होती. नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी तिबर नदीच्या खोऱ्यात धारातीर्थी पडले आणि नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीकाठी जखमी साथीदारांना वाचवून शत्रूचे मशीनगनचे ठाणे मोडले. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. परक्या राज्यकर्त्यांच्या गणवेशात, अनोळखी देशात, समोरच्याशी स्वतःचे काही वैर नसताना लढलेल्या त्या मराठी पलटणींतील साध्या शिपायांवर पाचसहा पात्रांचा चित्रपट आजच्या डिजिटल साधनांनी सोलापूर जिल्ह्याच्या माळावरही करता येईल.