प्रोस्टेटची सूज: एका नावाखालचे चार आजार

प्रोस्टेटायटिस म्हणजे शब्दशः प्रोस्टेट ग्रंथीची सूज. पण हे निदान झालेल्या बहुतेक पुरुषांच्या ग्रंथीत जंतू सापडत नाहीत आणि बऱ्याच जणांच्या ग्रंथीत सूजेची खूणही दिसत नाही. तरीही त्यांना अँटिबायोटिकचा कोर्स दिला जातो. तो संपला आणि दुखणे राहिलेच, तर दुसरा दिला जातो. ही सवय कुठून आली हे कळायला बरेच मागे जावे लागते.

निकोलो मासा या व्हेनिसच्या वैद्याने 1536 मध्ये या ग्रंथीचे वर्णन केले आणि दोनच वर्षांनी शरीररचनाशास्त्रज्ञ वेसालियसने तिचे चित्र छापले. अक्रोडाएवढी ही ग्रंथी मूत्राशयाच्या तोंडाशी असते, मूत्रमार्ग तिच्या मधून जातो आणि तिची मागची बाजू गुदाशयाला चिकटून असते. त्यामुळे गुदद्वारातून बोट घालून ती चाचपता येते. पुढे बराच काळ निदान आणि उपचार दोन्ही त्या एका बोटावरच चालले.

एकोणिसाव्या शतकातल्या डॉक्टरांना प्रोस्टेटची सूज म्हणजे परम्याचा (गनोरिया या लैंगिक संसर्गाचा) पुढचा टप्पा वाटे. तेव्हाच्या मानाने ते चुकीचेही नव्हते. औषध नसलेला परमा मूत्रमार्गातून मागे सरकत ग्रंथीत शिरे आणि तिथे गळू धरे. अल्बर्ट नायसरने 1879 मध्ये परम्याचा जंतू दाखवल्यावर हे समीकरण आणखी घट्ट झाले. रुग्णाच्या चारित्र्यावर शंका घेण्याची रीतही याच समीकरणातून आली.

अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातले ह्यू हॅम्प्टन यंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1906 मध्ये जुनाट सूजेवर सविस्तर लिहिले. त्या काळापासून मसाज हा मुख्य उपचार झाला. बोटाने ग्रंथीच्या कडेकडून मध्याकडे दाब देत आत साचलेला स्राव मूत्रमार्गात उतरवायचा आणि हे आठवड्यातून दोन-तीनदा, कित्येक आठवडे करायचे. काहींना थोडा आराम पडे. मात्र ताप आणि थंडी असलेल्या ताज्या संसर्गात हाच दाब जंतूंना थेट रक्तात ढकलू शकतो. म्हणून तीव्र सूजेत मसाज करायचा नाही आणि तपासणीचे बोटही हलकेच लावायचे, हा नियम आजही पाळतात.

1930 च्या दशकात सल्फा औषधे आली, 1940 च्या दशकात पेनिसिलिन. परमा आटोक्यात आला, पण ओटीपोटात आणि वृषणामागे दुखणारे पुरुष कमी झाले नाहीत. परमा हेच मूळ असते तर ते कमी व्हायला हवे होते. निदान मात्र जुन्याच पद्धतीने होत राहिले: मसाज करून स्रावाचा थेंब काढायचा, सूक्ष्मदर्शकाखाली पू-पेशी मोजायच्या आणि एका क्षेत्रात दहापेक्षा जास्त दिसल्या की सूज म्हणायचे. यात एक पेच होता. तो थेंब मूत्रमार्गातून बाहेर येतो, तेव्हा त्यातल्या पेशी आणि जंतू ग्रंथीचे की वाटेतले, हे कळणार कसे?

एडविन मीअर्स आणि थॉमस स्टेमी यांनी 1968 मध्ये हा पेच सोडवला. त्यांच्या चाचणीत चार नमुने घेतात. पहिली सुमारे 10 मिलि लघवी मूत्रमार्गातली. मधल्या धारेची लघवी मूत्राशयातली. मग मसाज करून आलेला स्राव आणि त्यानंतरची पहिली 10 मिलि लघवी. चारही नमुन्यांचे कल्चर लावतात, म्हणजे त्यातले जंतू वाढवून मोजतात. शेवटच्या दोघांत जंतूंची संख्या पहिल्याच्या किमान दहापट असेल, तरच दोष प्रोस्टेटचा. मूत्राशयातच संसर्ग असेल तर सगळे नमुने जंतूंनी भरतात आणि तुलना निरर्थक ठरते. अशा वेळी आधी काही दिवस नायट्रोफ्युरँटॉइन हे अँटिबायोटिक देतात. हे औषध लघवीत उतरते पण प्रोस्टेटमध्ये फारसे शिरत नाही, त्यामुळे मूत्राशय स्वच्छ होते आणि ग्रंथीतले जंतू जागेवर राहतात. ग्रंथीत शिरणारे अँटिबायोटिक चालू असताना केली, तर मात्र चाचणी वाया जाऊ शकते.

एवढी नेमकी चाचणी रोजच्या दवाखान्यात मात्र फारशी रुजली नाही. चार कल्चर, वेळ आणि रुग्णाची कुचंबणा हे सगळे आड आले. पुढे मसाजआधीची मधल्या धारेची लघवी आणि मसाजनंतरची लघवी एवढ्या दोनच नमुन्यांची सोपी पद्धत पुढे आली. निष्कर्ष बऱ्यापैकी जुळतात, त्यामुळे आज करायचीच तर बहुधा तीच करतात.

त्याच काळात दुसरे कोडे सुटत होते. प्रयोगशाळेत जंतू मारणारी औषधे प्रोस्टेटमध्ये निष्प्रभ का ठरतात? रक्त आणि ग्रंथीचा स्राव यांच्यामध्ये पेशींचा मेदाळ पडदा आहे. मेदात विरघळणारे आणि विद्युतभार नसलेले रेणूच तो ओलांडतात. पेनिसिलिनच्या जातीची बरीच औषधे इथेच अडतात. कुत्र्यांवरच्या प्रयोगांत ट्रायमेथोप्रिम हे अँटिबायोटिक ग्रंथीच्या आम्ल स्रावात भरपूर साठले, पण जुनाट संसर्ग झालेल्या माणसाचा स्राव अल्कधर्मी होतो. तिथे तो हिशेब उलटतो आणि अपेक्षेएवढा गुण येत नाही. पुढे आलेल्या फ्लुरोक्विनोलोन गटाची औषधे दोन्ही प्रकारच्या स्रावात पोचतात. मात्र त्यांनी स्नायूबंध तुटण्याचा धोका असतो, तेव्हा ‘घेऊन तर बघा’ म्हणून लिहून देण्याजोगी ती नाहीत. तीव्र संसर्गात सूजेमुळे पडदाच सैल पडतो, म्हणून एरवी न शिरणारी औषधेही शिरेतून दिल्यावर काम करतात.

ड्राख आणि सहकाऱ्यांनी 1978 मध्ये चार खाने पाडले: तीव्र जिवाणूजन्य, जुनाट जिवाणूजन्य, जंतूविना सूज आणि नुसते प्रोस्टेटचे दुखणे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने 1995 मध्ये बोलावलेल्या बैठकीत याची फेरमांडणी झाली आणि ती आजही चालते. पहिले दोन प्रकार तसेच राहिले. तिसऱ्याला ‘जुनाट ओटीपोटदुखी’ असे रुंद नाव मिळाले आणि त्याचे पू-पेशी असलेला व नसलेला असे दोन भाग पडले. चौथा म्हणजे कसलाच त्रास नसताना दुसऱ्याच तपासणीत सापडलेली सूज, जिला सहसा उपचार लागत नाही. नावातून ‘प्रोस्टेट’ थोडी मागे सरली, हा या फेरमांडणीचा खरा फायदा. 1999 मध्ये लक्षणे मोजण्यासाठी 0 ते 43 गुणांची प्रश्नावली आली आणि ‘थोडे बरे वाटते’ याला आकडा मिळाला.

आकडा आल्यावर औषधांची परीक्षा घेता आली. 2004 मध्ये 196 पुरुषांवर सिप्रोफ्लॉक्सॅसिन (फ्लुरोक्विनोलोन गटातले अँटिबायोटिक) आणि टॅम्सुलोसिन (लघवीच्या वाटेचे स्नायू सैल करणारे औषध) सहा आठवडे तपासले, तेव्हा दोन्ही औषधे औषधच नसलेल्या नकली गोळीपेक्षा सरस ठरली नाहीत. हे रुग्ण आधीच बरेच उपचार घेऊन थकलेले होते, असा आक्षेप आला. म्हणून 2008 मध्ये नुकतेच निदान झालेल्या 272 जणांवर टॅम्सुलोसिनच्याच जातीचे अल्फुझोसिन बारा आठवडे वापरून पाहिले. उत्तर तेच आले. या निराशेतून 2009 मध्ये त्रासाचे सहा भाग करणारी यूपॉइंट ही मांडणी पुढे आली: लघवीचा त्रास, मनावरचा ताण, ग्रंथीतला दोष, संसर्ग, मज्जातंतूंचे दुखणे आणि ओटीपोटाच्या तळातल्या स्नायूंचा ताठरपणा. ज्याचे जे आढळेल त्यावर उपचार करायचे. स्नायू आखडलेल्याला फिजिओथेरपी लागते, सिप्रोफ्लॉक्सॅसिनचा तिसरा कोर्स नाही.

मग आज ओळखायचे कसे? अचानक थंडी वाजून ताप, लघवीला जळजळ, धार बारीक किंवा लघवी तुंबणे आणि गुदद्वारापुढे ठणका ही तीव्र संसर्गाची लक्षणे आहेत. त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. बहुतेकदा ई. कोलाय हा आतड्यातला जंतू असतो. लघवीचे कल्चर घेऊन लगेच औषध सुरू करतात आणि ते 2 ते 4 आठवडे चालते. ताप तिसऱ्या दिवशी उतरला म्हणून गोळ्या सोडणे ही नेहमीची चूक, कारण जुनाट संसर्ग याच वाटेने मुरू शकतो. योग्य औषधावर दोन दिवसांत ताप हटला नाही तर गळूचा संशय घेऊन सोनोग्राफी किंवा सीटी करतात. लघवी तुंबली असेल तर मूत्रमार्गातून नळी रेटण्याऐवजी कित्येकदा ओटीपोटातून घालतात. तोच जंतू पुन्हा पुन्हा सापडत असेल तर तो जुनाट जिवाणूजन्य प्रकार. त्याला 4 ते 6 आठवड्यांचा कोर्स लागतो. तीन महिन्यांहून जास्त दुखते आणि कल्चर रिकामे, तर तिसरा प्रकार.

प्रतिबंधाबाबत खात्रीने सांगता येते ते थोडेच: लैंगिक संसर्गापासून कंडोम, गरज संपताच लघवीची नळी काढणे, मूत्रसंसर्गाचा पूर्ण उपचार आणि प्रोस्टेटची बायोप्सी (तुकडा काढून तपासणी) करायची असल्यास शक्य तिथे गुदाशयातून न करता गुदद्वारापुढच्या त्वचेतून करणे. झिंकच्या गोळ्यांचा मोह मात्र जुना आहे. निरोगी प्रोस्टेटच्या स्रावात झिंक भरपूर असते आणि जुनाट संसर्गात ते घटते हे खरे, पण तोंडाने घेतलेले झिंक त्या स्रावात पोचत नाही.

आणखी एक, पीएसएची (प्रोस्टेटमधून रक्तात उतरणाऱ्या प्रथिनाची) चाचणी संसर्ग चालू असताना करू नये. सूजेने हा आकडा खूप वाढतो आणि कर्करोगाची धास्ती उगाच बसते. उपचार संपल्यावर साधारण 6 ते 8 आठवड्यांनी ती करतात. तेव्हाही आकडा चढाच असेल तर पुढचा तपास होतो.