गवताखालचं दप्तर

टी आकाराची मूठ असलेली एक पोकळ लोखंडी नळी असते. ती पायाने दाबून जमिनीत रोवायची, थोडी पिळायची आणि अलगद उपसायची. बाजूच्या खाचेतून आत अडकलेला मातीचा दांडा दिसतो. जुन्या गोल्फ कोर्सच्या ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या अगदी बारीक कापलेल्या हिरवळीवर, हा दांडा कधी एकरंगी निघत नाही. वर मुळांची तपकिरी गादी, खाली वाळूचा फिकट पट्टा, मग काळसर रेघ, पुन्हा वाळू आणि तळाशी मूळची माती. चेंडू नीट घरंगळावा म्हणून ग्रीनवर अधूनमधून वाळूचा पातळ हात देतात. तेच हे थर.

आता ग्रीनच्या कडेबाहेर, वाढलेल्या गवतात, एकेका पावलावर नळी रोवत जायचं. वाळूचे पट्टे कडेशी थांबत नाहीत. दोन पावलं गेलं तरी वाळू, तीन पावलं गेलं तरी वाळू, आणि मग एकाएकी नुसती माती. वाळू जिथे संपली, तिथवर एके काळी ग्रीन होतं.

मग ते आक्रसलं कशाने? दोष द्यायचाच तर गवत कापणाऱ्याला द्यावा लागेल, पण बिचाऱ्याची चूक काहीच नाही. यंत्राचं खाली टेकवलेलं पातं कडेच्या उंच गवतावर गेलं की तिथे खरवडल्यासारखा डाग पडतो. म्हणून तो बोटभर आतून वळतो. दुसऱ्या दिवशी तीच बोटभर आत आलेली रेघ कड ठरते. अशी चाळीस-पन्नास वर्षं गेली की आधी कोपरे जातात, मग बाहेर आलेल्या जिभा जातात, आणि रचनाकाराने मुद्दाम वेडावाकडा ठेवलेला आकार अंड्यासारखा गुळगुळीत होऊन बसतो. वाळूच्या खड्ड्यांचं, म्हणजे बंकरचं, वेगळंच. खड्ड्यातून मारलेल्या प्रत्येक फटक्याबरोबर मूठभर वाळू समोरच्या काठावर उडते आणि काठ वर्षानुवर्षं उंच होत जातो. इमारत निदान पडेपर्यंत आपल्या नकाशासारखी राहते. गोल्फ कोर्स रोज वाढतो आणि रोज कापला जातो. त्यामुळे ‘हा कोर्स कोणी आखला?’ या प्रश्नाला एका नावाचं उत्तर आलं की मला आधी शंका येते.

क्लबांना मोठ्या नावाची हौस असते. एकोणिसाव्या शतकातला स्कॉटिश जाणकार ओल्ड टॉम मॉरिस गावी यायचा, जमीन पायाखाली घालायचा, खुंट्या ठोकून होलच्या जागा दाखवायचा आणि पुढच्या गावी जायचा. बाकीची मेहनत गावकऱ्यांची, नाव मात्र त्याचं. म्हणून शोध घेणारे लोक क्लबच्या गौरवग्रंथापेक्षा सभांची इतिवृत्तं, बिलं आणि जुनी वर्तमानपत्रं आधी उघडतात. कधी पुरावा भलत्याच ठिकाणी सापडतो. अमेरिकेत फिलाडेल्फियाजवळच्या मेरियन क्लबच्या ईस्ट कोर्सबद्दल वर्षानुवर्षं सांगितलं जायचं की, क्लबचाच सदस्य ह्यू विल्सन १९१० मध्ये ब्रिटनला गेला, तिथले कोर्स पाहून आला आणि मग त्याने हा आखला. जहाजांच्या प्रवासी याद्या चाळल्यावर त्याचा प्रवास निघाला १९१२ सालचा. तोवर कोर्सची आखणी होऊन गवतही पेरून झालं होतं! विल्सनचं श्रेय त्याने नाहीसं होत नाही, पण त्या आखणीमागे सल्ला कोणाचा, यावर अभ्यासकांनी अजून बाह्या सरसावलेल्या आहेत.

कागदाची एक खोड आहे. नकाशा काय करायचं ठरलं होतं ते सांगतो, काय झालं ते सांगत नाही. पैसे संपले की नकाशातले दहा बंकर कागदावरच राहतात. विमानातून घेतलेला फोटो मात्र तसा फसवत नाही. अमेरिकी शेतीखात्याने १९३० च्या दशकात पिकांखालची जमीन मोजायला गावंच्या गावं वरून टिपली आणि त्यात गोल्फ कोर्सही आपसूक आले. सूर्य कलता असला तर फोटोतल्या सावल्या लांब पडतात, आणि सावलीची लांबी व सूर्याचा कोन यांवरून उंचवट्याची उंचीही काढता येते.

नॉर्थ कॅरोलायनातला पाइनहर्स्ट नंबर २ हा रचनाकार डोनाल्ड रॉसचा कोर्स १९०७ चा. कालांतराने तिथली उघडी वाळू आणि रानगवत जाऊन सगळीकडे गुबगुबीत हिरवळ आली. २०१० मध्ये बिल कूर आणि बेन क्रेनशॉ या रचनाकारांनी तो मूळ रूपात आणायला घेतला, तेव्हा १९४३ चे हवाई फोटो त्यांच्या हाताशी होते. त्याहून भारी साक्षीदार होता जमिनीतला जुना पाण्याचा पाइप. पूर्वी फेअरवेच्या, म्हणजे टीपासून (जिथून पहिला फटका मारतात तिथपासून) ग्रीनपर्यंतच्या कापलेल्या पट्ट्याच्या, बरोबर मधोमध एकच पाइप टाकत. पाइप सापडला की मध्यरेषा सापडली, आणि फेअरवे किती सरकलाय तेही कळलं. पाणीही तेवढ्याच भागाला पुरवलं, बाकीचं गवत काढून टाकलं.

बुजवलेले बंकर शोधायला तर कधी दुष्काळच मदतीला येतो. वाळूत पाणी टिकत नाही, त्यामुळे बुजवलेल्या खड्ड्यावरचं गवत आधी पिवळं पडतं आणि जुना आकार वरून स्पष्ट उमटतो. लायडार हे काम बारा महिने करतं. विमानातून लेसरचे ठोके सोडायचे, परतीच्या वेळेवरून अंतर मोजायचं, झाडं-झुडपं गणिताने वजा करायची. मग वीतभर उंचवटाही लपत नाही.

न्यूयॉर्कजवळचा लायडो कोर्स तर जमिनीसकट गेला. रचनाकार चार्ल्स ब्लेअर मॅक्डोनल्डने दलदलीत वाळू ओतवून तो उभा केला होता. दुसऱ्या महायुद्धात जागा नौदलाकडे गेली आणि कोर्स संपला. एका हौशी माणसाने जुन्या फोटोंवरून संगणकावर त्याची त्रिमितीय प्रतिकृती केली. तिच्यावरून आजचा रचनाकार टॉम डोकने उपग्रहाच्या मार्गदर्शनावर चालणाऱ्या बुलडोझरांनी विस्कॉन्सिनमध्ये तो पुन्हा घडवला. २०२३ मध्ये तिथे खेळ सुरू झाला. त्याला जुना म्हणायचं की नवा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

आणि स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सपाशी तर हा सगळा शोध कुंठित होतो, कारण त्याला रचनाकारच नाही. समुद्रकाठची वाळवंटी जमीन, तिच्यावर लोकांची वहिवाट; १५५२ च्या सनदेत गावकऱ्यांचा तिथे खेळण्याचा हक्क नोंदलेला आहे. सगळ्या जगाने उचललेला १८ होलचा आकडाही कोणी विचार करून काढलेला नाही. तिथे एकाच वाटेने जायचं आणि यायचं असे. १७६४ मध्ये पहिली चार होल, म्हणजे टीपासून खळग्यापर्यंतचे टप्पे, फार आखूड वाटली म्हणून त्यांची दोन केली. जाताना दोन कमी, येताना दोन कमी, असे २२ चे १८ झाले.

पुढे वाट रुंदावली, आणि कोर्स एक आठवडा उजवीकडून तर एक आठवडा डावीकडून खेळला जाऊ लागला. आज घड्याळाच्या उलट दिशेचा खेळ रूढ आहे. टीवर उभं राहिलं की काही बंकर दिसतच नाहीत आणि खेळाडू नशिबाच्या नावाने बोटं मोडतात. अधूनमधून कोर्स मुद्दाम जुन्या, म्हणजे घड्याळाच्या दिशेने खेळायला खुला करतात. त्या दिवशी हेच लपलेले बंकर लांबूनच तोंड उघडून समोर बसलेले दिसतात.